ससा आणतोय, पिंजरा कुठला घेऊ?

प्रश्न: ताई, लेकीने हट्टच धरलाय म्हणून सशाचं पिल्लू आणतोय, तीन महिन्यांचं आहे. दुकानात एक पिंजरा पाहिला, दोन मजली, अडीच फूट लांब, तळाला जाळी. शू-लेंड्या जाळीतून खालच्या ट्रेमध्ये पडतात, सफाईची कटकटच नाही असं दुकानदार म्हणाला. घर लहान आहे, घेऊन टाकू का?

उत्तर: नका घेऊ. जाळीने सफाई सोपी होते हे खरंय, पण ती तुमची सोय झाली, सशाची नाही. कुत्र्या-मांजराच्या पंजाला असतात तशा गाद्या सशाच्या पायाला नसतातच, नुसते दाट केस असतात, आणि दिवसभर तारेवर बसून टाचेचे तेच केस आधी झिजतात, मग गुलाबी टक्कल दिसायला लागतं, मग लाल होतं, खपली धरते आणि जखम चिघळली तर हाडापर्यंत जाते. म्हणून तळ सपाट आणि भरीवच हवा, वर चटई नाहीतर जुनं फ्लीसचं पांघरूण टाका (कुरतडून खात असेल तर मात्र काढा).

आता साइज. पिल्लू बघून पिंजरा घेऊ नका, ते सहाएक महिन्यांत चांगलंच वाढतं. मोठा झालेला ससा एका दमात तीन उड्या मारू शकला पाहिजे, मागच्या पायांवर उभा राहिला तर कान वर टेकता कामा नयेत, आणि पाय ताणून आडवा पडता आला पाहिजे. मध्यम सशाला यासाठी साधारण सहा फूट लांबी लागते, अडीच फुटात तो फक्त वळू शकतो. दोन मजल्यांना भुलू नका, त्याला पळायला सलग जमीन लागते. खरं सांगू, लहान घरात मी पिंजऱ्यापेक्षा घडीचं कुंपणच घ्यायला सांगेन, कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं ना ते प्लेपेन, तीन फूट उंचीचं. कोपऱ्यात लावायचं, घर झाडताना घडी करायची. फक्त पिल्लू लहान असेपर्यंत गजांमधून डोकं जात नाही ना हे बघा.

पिंजराच घेणार असाल तर दार बाजूला असलेला घ्या. वरून हात आला की सशाला शिकारी आल्यासारखं वाटतं आणि तो धडपडतो, बाजूने दार असलं की आपला आपण येतो-जातो. तरी दिवसाचे काही तास बाहेर सोडावंच लागेल, त्याआधी वायरी उचला, सशाला वायर दिसली की संपलं.

आत काय ठेवायचं? लपायला खोका, पाण्याला जड वाडगं, आणि शू-ट्रेच्या एका टोकाला सुकं गवत, कारण ससे खाता खाताच शी करतात. ट्रेमध्ये कागदाचं लिटर (म्हणजे शू शोषून घेणारा थर) घाला, मांजराचं गोळे होणारं नको, पोटात गेलं तर अडकतं.

प्रश्न: आमचा ससा पहाटे पिंजऱ्याचे गज चावत बसतो, झोपमोड होते. दात वाढतात म्हणून करतो का?

उत्तर: दात आयुष्यभर वाढतात हे खरं, पण ते झिजतात गवत चघळून, गज चावून उलट तुटायची भीती. पहाट आणि संध्याकाळ या सशाच्या जागं असायच्या वेळा, तेव्हा कोंडलेला असला की कंटाळून चावतो. संध्याकाळी भरपूर मोकळा सोडा, झोपायच्या आधी गवत गच्च भरून ठेवा, आणि चावल्यावर लगेच उठून दार उघडू नका, नाहीतर चावलं की माणूस येतो हे तो दोन दिवसांत शिकेल. गवतच खात नसेल किंवा लाळ गळत असेल तर मात्र डॉक्टरांकडून दाढा तपासून घ्या.