कपड्यांच्या इतिहासात करिअर होतं का? माझं उत्तर

इतिहासात बीए झालंय, कपड्यांवर आणि त्यातून बनणाऱ्या ओळखीवर संशोधन करायचंय पण घरचे पोटापाण्याचं विचारतात, असं लिहिलंयस. तर ते आधी सांगते. नुसत्या संशोधनाला पगार देणाऱ्या जागा आपल्याकडे फार थोड्या. म्युझियममधलं टेक्स्टाइलचं काम, फॅशन कॉलेजात शिकवणं, ऐतिहासिक सिरियलींना सल्ला, असं जोडून जोडून जमवावं लागतं, पण जमतं.

आता मुख्य मुद्दा. सुरुवात पैठण्यांपासून करू नकोस, कुणाला काय घालायची बंदी होती तिथून कर. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की लुगडं गुडघ्यापर्यंत नेसू नका, अंगावरचे ते जड दागिने सोडा, कारण त्यावरूनच अस्पृश्य म्हणून ओळख पटते, आणि बायकांनी नेसण्याची पद्धत बदलली पण! केवढी मोठी गोष्ट आहे ही. दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात नाडर या खालची मानल्या गेलेल्या जातीच्या बायकांना छाती झाकण्यासाठी कित्येक वर्षं झगडावं लागलं, १८५९ मध्ये परवानगी मिळाली तीही वरच्या जातींसारखं नेसायचं नाही या अटीवर. उलट बाजूने बघ, पेशवेपद मिळालं की छत्रपतींकडून वस्त्रं मिळायची, म्हणजे सत्ताच कपड्यातून दिली जायची.

अडचण अशी की म्युझियममध्ये टिकतं ते जरीचं आणि राजघराण्यातलं. कष्टकरी बाईचं लुगडं विरलं की गोधडीत गेलं, गोधडी फाटली की पोतेरं झालं, मग ठेवणार काय? म्हणून तिच्यासाठी जुने फोटो, भाषणं, कोर्टाचे कागद धुंडाळावे लागतात, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका तर आत्ताच गाठायला हव्यात. किती वारी, काष्टा कसा, शेतात वेगळा आणि लग्नात वेगळा का, सगळं विचारून व्हिडिओ करून ठेव. स्वतः नेसून बघ, नऊवारी फोटोवरून कळत नाही.

आणि मोडी लिपी शीकच, जुने मराठी कागद तिच्यातच आहेत. पुण्यात पेशवे दप्तरात कागदांचे ढीग आहेत आणि ते वाचू शकणारे फार कमी, त्यात कपड्यांचा प्रश्न घेऊन बसणारे तर अजूनच कमी. एमएच्या आधीच क्लास लाव. तुझं गाव कुठलं ते लिही, त्या भागातलं नेसणं कुणी नोंदवलंय का ते बघून सांगते.