पॅलेट उचलेल हो, पण पुढची चाकं जमिनीवर राहतील का?

वाचकांचे प्रश्न : शेतातली यंत्रं

प्रश्न : नमस्कार काका. देवगडजवळ सड्यावर (कातळाच्या माळावर) आमची आंब्याची दीडशेएक कलमं आहेत. २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर आहे, फवारणी आणि रोटाव्हेटर सोडला तर बाकी वर्षभर उभाच असतो. एप्रिल-मे मध्ये गडी मिळत नाहीत, क्रेट डोक्यावरून मांगरापर्यंत (बागेतल्या माल ठेवायच्या घरापर्यंत) आणताना दम निघतो. मागे थ्री पॉइंटला (अवजार जोडायच्या तीन लिंकना) फोर्क, म्हणजे फोर्कलिफ्टसारखे दोन आडवे दांडे, लावून अख्खं पॅलेट (क्रेट रचायचा लाकडी तळ), म्हणजे २० क्रेट, एकदम उचलायचा विचार आहे. पुस्तकात लिफ्ट ७५० किलो लिहिलीय आणि माझं पॅलेट पाचशेच्या आतच भरतं, मग चालेल ना? आमचा वेल्डर म्हणतो दोन दिवसात बनवून देतो.
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : भाऊ, फोर्क लावा, जरूर लावा, कल्पना चांगलीच आहे. पण २० क्रेट एकदम नको. आणि का नको ते नीट समजून घ्या कारण हे त्या ७५० च्या आकड्यावरून कळतच नाही.

हा ७५० किलोचा आकडा तुमच्याच ट्रॅक्टरचा असं नाही, महिंद्रा जिवो २४५ असो नाहीतर कुबोटाचा २४ एचपीचा निओस्टार असो, दोन्हीच्या कागदावर ७५०च आहे, १८ एचपीच्या आसपासच्या काही गाड्यांना तो ५०० पर्यंत उतरतो. पण हे वजन खालच्या दोन लिंकच्या टोकाला, म्हणजे जिथे तुम्ही पिन घालता तिथे मोजलेलं असतं, आणि तुमचं पॅलेट तिथे नसतं, त्याचा मध्य त्या टोकाच्या आणखी दोन फूट मागे असतो. रोटाव्हेटर कसा ट्रॅक्टरला चिकटून बसतो, फोर्कवरचा माल तसा बसत नाही, लोंबतो. तिथे लिफ्टची ताकद कमी पडते हा एक भाग झाला, पण खरा घोळ लिफ्टचा नाहीच, तोलाचा आहे.

हिशोब करून बघू, आकडे ढोबळ धरतो, तुमच्या गाडीचे तुम्ही टाका. समजा ट्रॅक्टर ९०० किलोचा, त्यातले ३६० पुढच्या चाकांवर. पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर ५ फूट. मागच्या एक्सलपासून लिंकची टोकं सव्वादोन फुटांवर, आणि ४ फूट लांबीच्या पॅलेटचा मध्य त्याच्या आणखी २ फूट मागे, म्हणजे एकूण सव्वाचार. आता २० क्रेट, एका क्रेटमध्ये २० किलो आंबा आणि क्रेटचे २ किलो, झाले ४४०, लाकडी पॅलेटचे २५ धरा, ४६५. याला सव्वाचारने गुणून ५ ने भागलं की पुढच्या चाकांवरून किती वजन उचललं जातं ते कळतं : ३९५ किलो. वर फोर्क आणि फ्रेमचे शंभरेक किलो, ते साधारण ३ फुटांवर, त्याचे ६०. बेरीज ४५५. आणि पुढे होते किती तर ३६०. म्हणजे लिफ्टने पॅलेट जमिनीवरून सुटायच्या आधीच ट्रॅक्टर तोंड वर करणार, तेही सपाट खळ्यात, चढ तर सोडूनच द्या.

चाकं उचलली जात नाहीत एवढ्यानेही भागत नाही. स्टिअरिंग लागायला ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या निदान २० टक्के वजन पुढे राहिलंच पाहिजे, म्हणजे इथे १८०. हे मी स्वतः बघितलंय म्हणून कळकळीने सांगतोय. माझ्याकडे पहिल्यांदा फोर्क जोडले तेव्हा १६ क्रेट घेतले होते, खळ्यात सगळं छान चाललं, मग मांगराकडे जायला वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तर पुढची चाकं वळलेली दिसतायत पण ट्रॅक्टर सरळच चाललाय, तांबड्या मातीत टायरच्या नक्षीचा ठसासुद्धा उमटत नव्हता, नुसती घासल्याची गुळगुळीत रेघ. आणि पुढे जरासा चढ लागला तसं नाक वीतभर वर आलं. क्लच दाबला, नाक धपकन खाली आलं आणि वरच्या थरातले तीन क्रेट मागे. आंबा गेला त्याचं काही नाही, पण मागून माझा पुतण्या चालत येत होता, चार पावलं लांब होता म्हणून वाचला. त्या दिवसापासून फोर्कच्या मागे माणूस नाही म्हणजे नाही.

मग करायचं काय? तीन गोष्टी.

पॅलेट आखूड करा. बाजारातलं १२०० बाय १००० मिमीचं पॅलेट कारखान्याच्या फोर्कलिफ्टसाठी ठीक आहे, तुम्ही १२०० बाय ८०० चं बनवून घ्या आणि फोर्क लांब बाजूने घाला, म्हणजे माल मागे फक्त ८०० मिमी जातो आणि मध्य सव्वा-दीड फुटावर येतो. ६०० बाय ४०० चे क्रेट त्यावर बरोब्बर चार बसतात, तीन थर म्हणजे १२ क्रेट, पॅलेट धरून २९० किलो. फोर्कही मग अडीच फुटांचे पुरतात, लांब फोर्क म्हणजे उगाच वजन आणि वळताना गडग्याला (दगडी कुंपणाला) ठोकर.

दुसरं, पुढे वजनं लावा. बंपरवर १२० किलो लावले आणि ते पुढच्या एक्सलच्या दीड फूट पुढे असले तर पुढच्या चाकांवर दीडशेच्या वर भर पडतो. वरचाच हिशोब या दोन गोष्टी धरून परत करा, १२ क्रेट उचलून पुढे २४० च्या आसपास राहतात. हा ट्रॅक्टर चालवण्यासारखा आहे. वजनं न लावता आणि पॅलेटही जुनंच ठेवलं तर पाच क्रेटच्या वर जाऊ नका.

आणि तिसरं, अंदाजावर विसंबू नका, जवळच्या चिरेखाणीच्या (जांभ्या दगडाच्या खाणीच्या) वजनकाट्यावर जा, फक्त पुढची चाकं काट्यावर चढवा आणि वजन बघा, मग माल उचलून परत बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे. कागदावरच्या सगळ्या गणितापेक्षा हा आकडा खरा.

आता चढ-उताराचं, कारण तुमच्याकडे सड्यावरून मांगर म्हणजे घाटीच असणार. फोर्क मागे असताना माल नेहमी चढाच्या बाजूला राहिला पाहिजे. म्हणजे चढायचं तर रिव्हर्समध्ये, उतरायचं तर सरळ तोंडाने, लो गिअरमध्ये. उलटं वाटतं, मान दुखते, पण चढावर तोंडाने गेलात तर सगळा भार आणखी मागे जातो आणि नाक उठतं. ब्रेकची दोन्ही पेडलं लॅचने जोडून घ्या, मिनी ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या चाकांनाच असतात, आणि उतारावर घाईत एकच पेडल दाबलं गेलं तर गाडी जागच्या जागी फिरते. माल जमिनीपासून वीत-दीड वीत एवढाच वर ठेवून चालवायचं, उंच धरून नाही.

लिव्हरचं पण एक सांगतो, बरेच जण इथे चुकतात. हायड्रॉलिकला दोन लिव्हर असतील तर ड्राफ्ट कंट्रोलची (मातीच्या ओढीप्रमाणे अवजार आपोआप वरखाली करणारी) लिव्हर बाजूला ठेवा, काम सगळं पोझिशन कंट्रोलवर (अवजार ठरल्या उंचीवर धरणाऱ्या लिव्हरवर). नांगरटीचं सेटिंग तसंच राहिलं तर पॅलेट स्वतःहून वरखाली होतं आणि तुम्हाला वाटतं पंप गेला. खाली सोडायचा वेग कमी करायचा नॉब सीटखाली असतो, तो आवळून ठेवा. पॅलेट धाडकन टेकलं की हापूसचे देठ मोडतात, आणि देठ मोडला की चीक सालीवर उतरून डाग पडतो, मग काढताना देठ राखून काढल्याचा काय उपयोग? क्रेटमध्ये खाली पेंढा घालाच.

वेल्डरकडे जाताना : पिनांचं माप आधी घ्या. कॅटेगरी १ (लहान ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंटचं ठरलेलं माप) ला खालच्या पिना २२ मिमी आणि वरची १९ मिमी, पण खालच्या दोन टोकांमधलं अंतर बऱ्याच मिनी ट्रॅक्टरला अरुंद असतं, फ्रेम रुंद बनली की लिंक ताणून बसवाव्या लागतात. जुने फोर्कलिफ्टचे फोर्क मिळाले तर उत्तमच, पण १०० बाय ४० मिमीचे जाडजूड घेऊ नका, एकेक फोर्क ४० किलोच्या घरात जातो आणि ते वजन तुमच्या आंब्यातून कापलं जातं. ८० बाय ३० चे हलके बघा. फोर्क जिथे काटकोनात वळतो तिथे तारेच्या ब्रशने घासून बारीक चीर आहे का बघा, आणि जाडी मूळच्यापेक्षा १० टक्क्यांनी झिजली असेल तर तो फोर्क भंगारच. त्या फोर्कवर वेल्डिंग करायचं नाही, भोक पाडायचं नाही, ते पोलाद उष्णता देऊन कडक केलेलं असतं, वेल्डिंगने तिथेच कमजोर होतं. वेल्डरला जे जोडायचं ते फ्रेमला जोडू दे. खालच्या लिंक बाजूला हलू न देणाऱ्या साइड चेन दोन्ही ताणून घ्या, नाहीतर वळणावर पॅलेट पाळण्यासारखं झुलतं.

प्रश्न : मागे फोर्क लावून माल बोलेरो पिकअपच्या हौद्यापर्यंत पोचतच नाही. त्यापेक्षा पुढे लोडर (उचलणारे दोन हात आणि बकेट) बसवून त्याच्या बकेटला क्लॅम्पचे फोर्क लावले तर? — गुहागर

उत्तर : पोचत नाही हे खरंय, थ्री पॉइंटची उचल साधारण मांडीपर्यंत येते आणि संपते. पण लोडरमध्ये सगळा भार पुढच्या एक्सलवर येतो आणि मिनी ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल लहान असतो, त्यात क्लॅम्पचे फोर्क बकेटच्या पात्याच्याही पुढे जातात म्हणजे माल आणखी लांब, पातं वाकतं, आणि मागे तीनशे-चारशे किलोचा भार बांधल्याशिवाय मागची चाकं हलकी होऊन ब्रेक लागत नाहीत. कंपनीने त्या मॉडेलला लोडर दिलेला असेल तर विचार करा, बकेट काढून फोर्कची फ्रेमच लावा. गावात बनवलेला नको.

आणि मुळात उंची पाहिजेच कशाला? आपल्याकडे चिरा आहे, उतार आहे. मांगराच्या उताराच्या बाजूला दोन-अडीच फुटांचा चिऱ्याचा धक्का बांधा, ट्रॅक्टर वरच्या बाजूने येईल, पिकअप खाली मागे लागेल, पॅलेट सरळ हौद्यात. हौद्याची उंची गाडी भरलेली असताना टेपने मोजा, रिकामी असताना नाही, स्प्रिंगचे पाटे दबतात. धक्क्याच्या कडेला एक चिरा उभा बसवा म्हणजे मागचं चाक कडेवरून घसरणार नाही.

प्रश्न : हर्णैला किनाऱ्यावर बर्फाचे आणि मासळीचे क्रेट न्यायला फोर्क वापरतो. एका पावसाळ्यात फ्रेम खाल्ली गेली. काय लावू?

उत्तर : आधी पाणी, मग रंग. रोज काम झालं की गोड्या पाण्याने धुवा, हे चुकवलं तर वरून काहीही लावा टिकणार नाही. फ्रेम चौकोनी पाइपची असेल तर ती आतून सडते, खालच्या टोकाला भोक पाडून पाणी जायला वाट द्या. एपॉक्सी प्रायमर आणि वर दोन हात. फोर्कना रंग टिकत नाही, जुनं इंजिन ऑइल फडक्याने लावा पण मासळीच्या क्रेटला लागू देऊ नका, पॅलेट मध्ये असलंच पाहिजे. पिना आणि बॉल जॉइंटला ग्रीस आठवड्याला. आणि ट्रॅक्टर लाटेत घालू नका, एक्सलच्या सीलमधून खारं पाणी आत गेलं की ऑइल दुधासारखं होतं आणि खर्च फोर्कच्या कितीतरी पट जातो.

प्रश्न : पॅलेटवर माणूस उभा करून वरच्या फांद्यांचे आंबे काढले तर चालेल का? लिफ्ट तर माणसाला सहज उचलते. — राजापूर

उत्तर : नाही. अजिबात नाही. थ्री पॉइंटची लिफ्ट तेलाच्या दाबाने वर जाते आणि वजनाने खाली येते, तिला वर धरून ठेवणारं दुसरं काही नाही. पाइप फुटला, कुणाचा पाय लिव्हरला लागला, तर माणूस पॅलेटसकट खाली. कठडा नाही, खाली कातळ. शिवाय मांडीएवढ्या उंचीने हापूसच्या कलमाला काय पोचणार आहात? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (देठासकट आंबा काढायचं साधन) घ्या, बांबूला लावा आणि जमिनीवर उभं राहून काढा. देठही राहतो.