कॅन्सस सिटी नक्की कोणत्या राज्यात आहे आणि तिथे कोण लोक राहतात?

पुतण्याला कॅन्सस सिटीत नोकरी लागली, पण ऑफिसचा पत्ता मिसुरी राज्यातला आहे, यात काही फसवणूक तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. काळजी करू नका, पत्ता बरोबर आहे. मी अकरा वर्षं इथे राहतोय आणि माझ्या आईला अजूनही हेच समजावतोय.

कॅन्सस सिटी नावाची दोन शहरं आहेत, एकमेकांना अगदी खेटून. मोठं मिसुरीत, धाकटं कॅन्ससमध्ये. इथले लोक मोठ्याला केसीएमओ म्हणतात, धाकट्याला केसीके. २०२० च्या जनगणनेत मोठ्याची लोकसंख्या ५,०८,०९० होती, धाकट्याची १,५६,६०७. आजूबाजूची उपनगरं धरून सगळा पसारा साधारण २२ लाखांचा. गंमत अशी की मिसुरीतल्या शहराला शहराचा दर्जा मिळाला १८५३ साली आणि कॅन्सस राज्य झालं १८६१ मध्ये. म्हणजे शहराने राज्याचं नाव उचललेलं नाही. नाव मुळात कॅन्सस नदीचं आणि नदीला ते कान्सा या आदिवासी जमातीवरून मिळालं.

कॅन्सस आणि मिसुरी या दोन नद्यांच्या संगमापासून राज्यांची सीमा सरळ दक्षिणेला जाते आणि बरंच अंतर ती म्हणजे स्टेट लाइन रोड नावाचा साधा रस्ता. ना चौकी, ना कमान. मी दूध आणायला जातो तेव्हा जाता-येता राज्य बदलतं. पण कायदा बदलतो तो खराच. मिसुरीत २०२२ च्या मतदानाने गांजा कायदेशीर झाला, त्यामुळे त्याची दुकानं पूर्वेच्या अंगाला. तीच पुडी खिशात घालून रस्ता ओलांडला की गुन्हा. पुतण्याला एवढं नक्की सांगा: नोकरी केसीएमओत असेल तर पगारावर एक टक्का शहराचा कर कापला जाईल, मग राहायला कॅन्ससमध्ये का असेना. आणि तसा राहिला तर विवरणपत्रंही दोन्ही राज्यांत भरावी लागतील.

कोण कुठे राहतं, हे मात्र या सीमेवरून कळत नाही. त्यासाठी मिसुरीच्या बाजूचा ट्रूस्ट अव्हेन्यू बघा. पूर्वेला मुख्यतः कृष्णवर्णीय वस्ती, पश्चिमेला मुख्यतः गोरी. हे आपोआप झालं नाही. जे. सी. निकोल्स नावाच्या बिल्डरने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सीमेच्या दोन्ही अंगांना देखण्या वसाहती उभारल्या आणि घर कृष्णवर्णीयांना विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नाही, अशी अट खरेदीखतातच घातली. राज्याची सीमा त्याला आड आली नाही. असल्या अटी कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९४८ ला आला, तोवर वस्त्या बसून गेल्या होत्या. निकोल्सच्या नावाचं कारंजं आणि रस्ता, दोन्हींवरचं नाव २०२० मध्ये काढलं. ट्रूस्टच्या पूर्वेलाच एटीन्थ अँड व्हाइन हा जॅझचा जुना भाग आहे. जॅझमधला नामांकित सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर १९२० साली केसीकेत जन्मला आणि केसीएमओत वाढला, त्यामुळे दोघंही त्याला आपला म्हणतात.

माझं आवडतं गाव मात्र केसीके. कत्तलखाने आणि रेल्वे यांच्या कामासाठी क्रोएशियन आले, मेक्सिकन आले. १९०३ च्या पुराने खालच्या वस्त्या बुडवल्या, तेव्हा क्रोएशियन लोक टेकडीवर चढले. ती स्ट्रॉबेरी हिल. आज या शहरात गोरे, लॅटिनो, कृष्णवर्णीय यांपैकी कोणीच निम्म्याहून जास्त नाही. भर शहरात वायनडॉट जमातीचं दफनस्थान आहे. ओहायोतून हुसकावल्यावर ही मंडळी १८४३ मध्ये इथे आली होती. ती जागा विकायला १९०६ साली अमेरिकी काँग्रेसने परवानगी दिली, तेव्हा वायनडॉट वंशाच्या लायडा कॉनली आणि तिच्या बहिणींनी थडग्यांजवळ खोपट बांधलं आणि बंदूक घेऊन पहारा दिला. लायडा वकील होती. ती थेट सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली. खटला हरली, पण थडगी जागेवर आहेत. मी पाहुण्यांना आधी तिथे नेतो, मॉलमध्ये नंतर.

आपले लोक? बहुतेक कॅन्ससच्या बाजूला, जॉन्सन काउंटीत: ओव्हरलँड पार्क, ओलेथा. कारण सरळ आहे, शाळा चांगल्या आणि कंपन्या जवळ. तेलुगू कानावर जास्त पडतं, मराठी शोधावं लागतं, पण सापडतं. शॉनीतल्या हिंदू मंदिराच्या पार्किंगमध्ये रविवारी दोन-चार तरी भेटतात. २०१७ च्या फेब्रुवारीत ओलेथातल्या बारमध्ये एका भारतीय अभियंत्याला 'माझ्या देशातून निघून जा' असं ओरडत गोळी घातली गेली, ते तुम्ही वाचलं असेल. त्यानंतर कित्येक महिने आम्ही बाहेर हळू आवाजात बोलायचो. त्याच बारमध्ये मध्ये पडून गोळी खाणारा माणूसही इथलाच, गोरा. दोन्ही खरं आहे.

घर बघताना पुतण्याला सगळे ओव्हरलँड पार्कच सुचवतील. राहू दे तिथे, मीही तिथेच राहतो. फक्त किराण्याला एकदा केसीकेत जायला सांगा. तिथल्या एका दुकानात मालकीणबाई माझ्याशी हिंदीत बोलल्या. भूतानमधून हाकललेल्या नेपाळी कुटुंबातल्या, लहानपण नेपाळमधल्या छावणीत गेलेलं, हिंदी टीव्हीवरून शिकलेल्या. कढीपत्ता त्यांच्याकडे ताजा मिळतो.