स्पेन, पोर्तुगाल, डच आणि इंग्रज यांच्या वसाहतींच्या कारभारात नेमका फरक काय होता?

सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या या चार सत्तांबद्दल तुम्ही विचारलंय. व्हाइसरॉय, गव्हर्नर ही पदनामं आधी बाजूला ठेवा. अधिकाऱ्याचं पोट कशावर भरतं आणि त्याचा हिशेब कोण घेतं, हे पाहिलं की फरक उलगडतो.

स्पेनने सगळं कागदोपत्री बांधून टाकलं. १५०३ मध्ये सेव्हिलला व्यापाराची कचेरी, १५२४ मध्ये राजाच्या दरबारात 'इंडीज'चं, म्हणजे मुख्यतः अमेरिकेतल्या वसाहतींचं मंडळ, १५३५ मध्ये मेक्सिकोत व्हाइसरॉय. शेजारी 'आउदियेन्सिया' हे न्यायालय, जे व्हाइसरॉयविरुद्ध थेट राजाला लिहू शके. मुदत संपली की 'रेसिदेन्सिया' व्हायची: दवंडी पिटली जाई आणि ठरलेल्या दिवसांत कोणीही, अगदी मूळ रहिवासीसुद्धा, जुन्या अधिकाऱ्यावर फिर्याद करू शके. जामीन आधीच घेतलेला असे. रचना खरोखर चांगली होती. पण चौकशी करायला बहुधा त्याच जागी आलेला नवा अधिकारी बसे, आणि पुढे आपलीही हीच चौकशी होणार हे तो जाणून असे. त्यात १६३३ पासून खजिन्याच्या आणि १६८७ पासून न्यायाधीशांच्याही जागा विकल्या जाऊ लागल्या. मोजलेले पैसे मग रयतेकडूनच वसूल व्हायचे. पेरूत तर अधिकारी गावकऱ्यांच्या गळ्यात खेचरं आणि कापड चढ्या भावाने मारत.

पोर्तुगीजांची अडचण वाऱ्याची. लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघालेलं जहाज गोव्याला सप्टेंबरच्या सुमारास लागे आणि परतीचं डिसेंबर-जानेवारीत सुटे. पत्राचं उत्तर यायला दीड वर्ष, व्हाइसरॉयची मुदत तीन. किल्लेदारीही तीन वर्षांची, तीही चाकरीचं बक्षीस म्हणून. तेवढ्यात जमेल तितकं कमवायचं. उत्पन्नाचा मोठा भाग जकातीचा, म्हणून 'कार्ताझ' हा परवाना नसलेलं गलबत ते पकडत. जमिनीवर मात्र त्यांनी गोव्यातली 'गावकरी', म्हणजे गावाची जमीन सामायिकपणे सांभाळणारी संस्था, मोडली नाही. १५२६ च्या सनदेने तिचे रिवाज लिहून घेतले आणि शेतसारा गावकरांकडूनच उचलला. गोव्याचा विचार करताना हे विसरलं जातं.

डचांनी १६०२ मध्ये पूर्वेकडचं सगळं डच ईस्ट इंडिया कंपनीकडे दिलं. हॉलंडातले १७ संचालक वर, बटाव्हियात (आजचं जकार्ता) गव्हर्नर-जनरल खाली. पगार तुटपुंजा, त्यामुळे चोरटा खासगी व्यापार कधी थांबला नाही. इंग्रजांच्या राजाने मुंबई १६६८ मध्ये वर्षाला १० पौंडांवर इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीला दिली, पण अमेरिकेत त्यांची घडी निराळी होती. व्हर्जिनियात १६८० पासून तंबाखूच्या दर पिंपामागे दोन शिलिंगांचा कायमचा कर होता, त्यामुळे गव्हर्नर पगारासाठी तिथल्या निवडून आलेल्या सभेवर अवलंबून नव्हता. मॅसॅच्युसेट्सची सभा मात्र वेतन दरवर्षी मंजूर करी. १७२८ मध्ये गव्हर्नर बर्नेट वर्षाला १,००० पौंड कायमचे ठरवून द्या, असं राजाचं फर्मान घेऊन आला. सभेने ते शेवटपर्यंत मानलं नाही.