प्रार्थनेचं बटण दाबल्यावर काय मिळतं?

प्रश्न : नमस्कार ताई. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, सध्या तो एक गेम खेळतोय ज्यात एक तरुण नन आहे आणि तिच्या डोक्यात सैतान बोलत असतो. मी मागे उभी राहून थोडा वेळ बघितलं तर ती नुसतं विहिरीचं पाणी भरत होती. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, आई, हा देवाबद्दलचा गेम आहे. घरात मी श्रद्धाळू, तो अजिबात नाही. ही श्रद्धेची टिंगल आहे का, आणि त्याला थांबवू का? – एक आई

उत्तर : थांबवू नका, उलट शेजारी बसा. तुम्ही सांगताय त्यावरून हा २०२४ साली आलेला ‘इंडिका’ असणार, एकोणिसाव्या शतकातला पण थोडा कल्पनेतला रशिया आहे त्यात. ते पाणी भरणं बघून तुम्ही निघून गेलात पण खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. बादली विहिरीत सोडायची, वर ओढायची, हळूहळू चालत जाऊन पाणी पिंपात ओतायचं, परत यायचं, परत तेच, मध्ये काही घडत नाही, कोणी शत्रू येत नाही, आणि एवढं सगळं झाल्यावर दुसरी नन येते आणि ते भरलेलं पाणी तिच्यासमोर जमिनीवर ओतून देते. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा इतकी चिडले की कंट्रोलर खाली ठेवून दिला. मग लक्षात आलं की माझी चिडचिड होतेय ती फळ मिळालं नाही म्हणून, आणि ती मुलगी तर हे रोज करत असणार.

अजून एक गंमत बघा. मेणबत्ती लावली, एखादी पवित्र वस्तू सापडली की कोपऱ्यात जुन्या गेमसारखे पॉइंट वाढतात, आणि गेम स्वतःच तुम्हाला स्पष्ट सांगतो की हे गोळा करण्यात वेळ घालवू नका, त्यांचा काही उपयोग नाही. तरी मी दिसेल ती मेणबत्ती लावत गेले. का लावली, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही, आणि मला वाटतं गेमला नेमकं तेच विचारायचंय.

पुढे सैतानाचं बोलणं वाढलं की सगळं जग दुभंगतं, वाट तुटते, बटण धरून प्रार्थना केली की परत जुळतं. पण नुसती प्रार्थना करत राहिलात तर पुढे जाता येत नाही, कधी कधी जग तुटू द्यावं लागतं आणि त्या फटीतून वाट काढावी लागते. श्रद्धा आणि शंका दोन्ही एकाच पायवाटेवर हव्यात, हे मी भाषणात शंभरदा ऐकलंय पण बोटांनी पहिल्यांदा कळलं.

हो, धर्मसंस्थेवर हा गेम कडक आहे, काही प्रसंग त्रासदायक आहेत, लहान मुलांसाठी तो नाहीच. तुम्हालाही काही गोष्टी टोचतील. टोचल्या की मुलाला सांगा, तेवढ्यासाठी तरी शेजारी बसा.

प्रश्न : गेममधली देवळं-चर्च यावरून खरंच कधी वाद झालेत का, की लोक उगाच ओरडतात? – एक वाचक

उत्तर : झालेत, आणि सगळेच उगाच नव्हते. २००६ च्या ‘रेझिस्टन्स : फॉल ऑफ मॅन’मध्ये इंग्लंडचं खरंखुरं मँचेस्टर कॅथेड्रल गोळीबाराची जागा म्हणून दाखवलं, २००७ मध्ये चर्चने आक्षेप घेतला आणि गेम काढणाऱ्या सोनीने माफी मागितली. २००८ मध्ये ‘लिटल बिग प्लॅनेट’मधल्या एका गाण्यात कुराणातले शब्द आहेत हे लक्षात आल्यावर गेम बाजारात येणं पुढे ढकललं. हे मला योग्यच वाटतं. ज्या जागी लोक हात जोडतात ती वापरायची तर आधी विचारावं.

प्रश्न : ताई, गेममध्ये देव म्हणजे नेहमी पॉवरच का असतो? मंदिर बांधलं की पॉइंट, प्रार्थना केली की हेल्थ. खरी श्रद्धा असलेला एकतरी गेम आहे का? – कॉलेजमधला एक गेमर

उत्तर : कारण कॉम्प्युटरला मोजता येतं आणि श्रद्धा मोजता येत नाही, म्हणून जे मोजता येतं तेच गेममध्ये येतं. २००१ चा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ घे, त्यात तू स्वतःच देव आहेस आणि गावकऱ्यांचा विश्वास हेच तुझं भांडवल, ते प्रेमाने मिळव नाहीतर भीती घालून. २००५ च्या ‘सिव्हिलायझेशन ४’मध्ये सात धर्म आहेत आणि सातही कामाला अगदी सारखे, कुठलाही वरचढ वाटू नये म्हणून मुद्दाम तसं ठेवलं. हेतू चांगला होता, पण धर्म मग नुसतं रंगीत चिन्ह होऊन बसतो ना. आपल्याकडे म्हणतातच, देव भावाचा भुकेला, आणि या गेममध्ये नेमका भावच नसतो.

पण १९८५ चा ‘अल्टिमा ४’ बघ. शेवटी मारायला कोणी मोठा खलनायक नाही, आठ सद्गुण अंगी बाणवायचे आणि अवतार व्हायचं, हा शब्द गेम बनवणाऱ्या रिचर्ड गॅरियटने हिंदू कल्पनेवरून घेतला. त्यात एक आंधळी बाई जादूची द्रव्यं विकते. किती पैसे द्यायचे ते तूच टाइप करतोस, कमी दिलेस तरी तिला दिसत नाही, माल मिळतो, गेम त्या वेळी गप्प. फक्त आत कुठेतरी तुझा प्रामाणिकपणा कमी झालेला असतो. मोजमाप इथेही आहेच, पण कोणी बघत नसताना तू काय करतोस याचं.

२०२२ चा ‘पेंटिमेंट’ सुद्धा खेळ, सोळाव्या शतकातलं जर्मनीतलं बव्हेरिया, शेजारी मठ. त्यात माणसं बोलतात ते शब्द पडद्यावर शाईने लिहिले जातात, आणि वाक्यात देवाचं नाव आलं की तिथे जागा रिकामी सुटते, बाकीचं वाक्य लिहून झालं की मग ते नाव लाल शाईने भरलं जातं. याने कुठलाही पॉइंट मिळत नाही. पण ती रिकामी जागा बघताना मी प्रत्येक वेळी थोडं थांबायचे.

आणि खरी श्रद्धा म्हणशील तर ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’, २०१६. रायन आणि एमी ग्रीन या ख्रिस्ती जोडप्याने आपल्या मुलावर, जोएलवर केलेला. वर्षाचा असताना त्याला मेंदूचा कॅन्सर झाल्याचं कळलं, तो पाच वर्षांचा होऊन २०१४ मध्ये गेला, गेमचं काम तो असतानाच सुरू झालेलं. एका प्रसंगात हॉस्पिटलच्या खोलीत पोर रडतंय, अंगातलं पाणी कमी झालंय, काही पाजलं तर पोटात ठरत नाही. तू ज्यूस देतोस, उचलून घेतोस, डोलवतोस, एरवी गेममध्ये काहीतरी क्लिक केलं की काहीतरी सुटतं पण इथे रडणं थांबतच नाही, मी तर आवाज कमी केला आणि मग स्वतःचीच लाज वाटून परत वाढवला. सगळे उपाय संपल्यावर बाप प्रार्थना करायला लागतो. जिंकायला, वाढवायला, अनलॉक करायला काही उरलेलं नसतं, तो बोलत राहतो आणि तू त्या खोलीत त्याच्याबरोबर बसून ऐकतोस.