‘सध्या ड्युटी आहे’ म्हणणारा डॉक्टर

रुग्णालयातले काम, मित्रमंडळी आणि छंद या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कशा सांभाळायच्या, की पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे बाकीचे सगळे सरळ बाजूला ठेवायचे, हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला तरुण निवासी डॉक्टर वरचेवर विचारतात. कधी त्यांच्याऐवजी त्यांच्या आईचाच फोन येतो आणि त्यात ‘पोरगा पूर्वीसारखा बोलत नाही हो’ हे वाक्य हमखास असते. या प्रश्नाला सरसकट उत्तर देण्यापेक्षा अशाच एका डॉक्टरबरोबर झालेले काम, त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते. त्याला आपण निखिल म्हणू.

निखिल मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मेडिसिन विभागात दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर होता. घर डोंबिवलीला, मुक्काम रुग्णालयाच्या हॉस्टेलवर. शाळेपासूनचे पाच-सहा जणांचे टोळके अजून एकत्र होते आणि लहानपणापासून तबला शिकून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा त्याने दिल्या होत्या. तो आला तो ऑगस्टमध्ये, म्हणजे मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोच्या रुग्णांनी मेडिसिनचे वॉर्ड भरून वाहतात आणि दोन खाटांच्या मधल्या जमिनीवरही गाद्या पडतात त्या दिवसांत. खुर्चीत बसल्याबसल्या त्याने विचारले, ‘‘मॅडम, टाइम मॅनेजमेंटसाठी काही टेक्निक असेल तर सांगा.’’ मी त्याला उलट विचारले की शेवटची झोप कधी झाली. त्याने घड्याळाकडे पाहून बोटांवर तास मोजले आणि थोडे ओशाळून सांगितले की काल सकाळी उठलो त्यानंतर नाही.

त्या दिवशी आम्ही समुपदेशन केले नाही. जिवाला धोका आहे का, आत्महत्येचे विचार येतात का, घरी कोणाला माहीत आहे का, एवढे थेट विचारून घेतले, उत्तरे दिलासा देणारी होती म्हणून पुढची वेळ ठरवली आणि झोपायला जा म्हणून सांगितले. तो त्याच अवस्थेत स्कूटरवरून डोंबिवलीला निघणार होता. डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले होते की सुमारे 24 तास सलग जागलेल्या माणसाची चलाखी, रक्तात 0.10 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा 0.03 टक्के आहे. हा आकडा ऐकल्यावर, दारू पिऊन आलेल्या अपघातग्रस्तांना रात्र रात्र टाके घालणारी मंडळीही चमकतात, असा माझा अनुभव आहे. निखिल दादरहून लोकलने गेला. डुलकी लागून गाडीबरोबर कल्याणला पोहोचला आणि परत आला, हे त्याने पुढच्या भेटीत हसत सांगितले. स्कूटरवर तीच डुलकी लागली असती तर काय झाले असते, हे आम्हा दोघांनाही बोलून दाखवावे लागले नाही.

नंतरच्या भेटीत मला आधी एक गोष्ट वेगळी काढायची होती. हा केवळ थकवा आहे, कामाने आलेली कोरड म्हणजे ‘बर्नआउट’ आहे की नैराश्य आहे? बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची जी व्याख्या स्वीकारली तिच्यात तीन खुणा आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा तुच्छता वाटू लागणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही, कामाच्या ठिकाणी साठत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हटले आहे. नैराश्य मात्र कामापुरते थांबत नाही. सुट्टीत, आवडत्या माणसांत, भरपूर झोपेनंतरही ते सोबत येते. मे महिन्यात मिळालेल्या चार दिवसांच्या रजेत काय झाले, असे मी निखिलला विचारले. दोन दिवस झोपलो, तिसऱ्या दिवशी आईच्या हातचे आंब्याचे सांदण पोटभर खाल्ले आणि चौथ्या दिवशी परत जायच्या विचाराने पोटात गोळा आला, असे तो म्हणाला. आनंद घेण्याची क्षमता शाबूत होती. तरीही हिमोग्लोबिन, बी12 आणि थायरॉइड तपासून घ्यायला आणि ती चिठ्ठी स्वतः न लिहिता दुसऱ्या डॉक्टरकडून लिहून घ्यायला मी सुचवले. डॉक्टर स्वतःच स्वतःचा डॉक्टर होतो तेव्हा तो फार वाईट डॉक्टर असतो. निखिल गेले काही आठवडे आपल्याच हिशोबाने अधूनमधून झोपेची गोळी घेत होता, हे याच बोलण्यात बाहेर आले. ती त्याने एका मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने बंद केली.

त्याला सर्वांत जास्त खुपत होती ती बर्नआउटची दुसरी खूण, कामाबद्दलची तुच्छता. एका रुग्णाच्या मुलाने तिसऱ्यांदा ‘‘बाबांना कधी सोडणार?’’ असे विचारले तेव्हा हा त्याच्यावर सगळ्या वॉर्डासमोर ओरडला होता. पहिल्या वर्षाच्या ज्युनिअरलाही तो आता, पूर्वी स्वतःला ज्या शब्दांत ऐकून घ्यावे लागले होते त्याच शब्दांत, झापू लागला होता. ‘‘मी असा नव्हतो,’’ हे तो दोन-तीनदा म्हणाला. मला वाटते, टाइम मॅनेजमेंट हे नुसते निमित्त होते आणि खरी काळजी ही होती.

मी त्याला दोन आठवडे एक साधी नोंद ठेवायला सांगितली: ड्युटी किती, झोप किती आणि उरलेल्या वेळात प्रत्यक्षात काय केले. वेळ अजिबात नाही, ही त्याची पक्की समजूत होती. नोंदीतून दिसले ते थोडे निराळे होते. त्याच्या युनिटची इमर्जन्सी, म्हणजे तातडीचे रुग्ण पाहण्याची पाळी, दर मंगळवारी असे. मंगळवार सकाळपासून बुधवार दुपार-संध्याकाळपर्यंतचा काळ सलग जाई आणि त्यात काही बसवण्याचा विचार करणेही मूर्खपणाचे होते. पण गुरुवारी संध्याकाळी आणि एक आड एक रविवारी दोन-तीन तास सुटत. ते जात कुठे? पलंगावर आडवे पडून रात्री दीडपर्यंत मोबाइलवर रील पाहण्यात. दिवसभर दुसऱ्यांच्या मालकीच्या वेळेत राबलेला माणूस रात्री झोपेतून चोरून थोडा वेळ स्वतःच्या मालकीचा करतो. यात आळस नाही आणि त्यावरून मी कोणाला बोलत नाही. पण त्या वेळातून ना झोप मिळे, ना मित्र, ना तबला.

मित्रांच्या बाबतीत गोष्ट अधिक गुंतागुंतीची होती. ग्रुपवर बेत ठरला की निखिलचे उत्तर ठरलेले असे: ‘सध्या ड्युटी आहे, नंतर बघू.’ वर्षभर हे ऐकल्यावर त्यांनी विचारणे सोडले. त्यांतल्या एकाचा साखरपुडा झाल्याचे त्याला व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळले आणि ते त्याच्या फार मनाला लागले. आपण त्यांच्या लेखी संपलो, असा अर्थ त्याने काढला. त्याच्या फोनमधली त्याच मित्रांबरोबरची संभाषणे मी त्याला मोठ्याने वाचायला सांगितली. ‘आईची शुगर वाढलीये, रिपोर्ट पाठवतो, बघ ना.’ ‘काकांना अँजिओग्राफी सांगितलीये, करायची का?’ ‘तुमच्याकडे एमआरआयचा नंबर लवकर लागेल का?’ या प्रत्येक निरोपाला त्याने ड्युटीवर असतानाही अर्ध्या तासाच्या आत उत्तर दिले होते. ‘कुठे आहेस, भेटू या’ असे म्हणणाऱ्या निरोपांना मात्र चार-चार दिवसांनी एखादे हात जोडलेले चित्र, नाहीतर काहीच नाही. वाचता वाचता तो गप्प झाला. मित्रांनी त्याला टाकले नव्हते. तो त्यांचा डॉक्टर झाला होता आणि मित्र म्हणून रजेवर गेला होता.

असे का होते? मदत केली की अपराधी वाटत नाही, हे माझे निरीक्षण आहे. भेटायला जाता येत नाही याची टोचणी रिपोर्ट पाहून दिल्याने तात्पुरती शमते, आणि पूर्ण संध्याकाळ देता येत नसेल तर अर्धा तास देण्यात काय अर्थ आहे, असा एक हट्टी विचार त्यामागे असतो. निखिलला मी ‘नंतर बघू’ हे शब्द वापरायला सरळ बंदी केली. त्याऐवजी नकार देताना त्याच वाक्यात पुढचा वार सांगायचा: ‘मंगळवारी जमणार नाही, गुरुवारी साडेसात वाजता फोन करतो.’ महिन्याची ड्युटी यादी लागली की तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा, म्हणजे बेत आखताना त्यांनाही अंदाज येईल. ही सूचना त्याला बालिश वाटली. पण ज्याचा साखरपुडा चुकला होता त्या मित्राला त्याने फोन केला, पाच मिनिटे शिव्या खाल्ल्या आणि मग दोघे तासभर बोलले.

तबल्याची गोष्ट सांगायला मला विशेष आवडते, कारण तिथे अडचण वेळेची नव्हतीच. जोडी हॉस्टेलच्या खोलीत पलंगाखाली पडून होती. पावसाळी हवेने चामडे सैल पडून तबला उतरला होता, आणि त्याला परत सुरात आणायचा तर हातोडीने गठ्ठे आणि गजरा ठोकत बसावे लागणार, शेजारच्या पलंगावर रात्रपाळी करून आलेला सहकारी झोपलेला असणार. शिवाय बोटे जड झाली होती. एके काळी सहज निघणारा तिरकिट आता अडखळेल आणि ते आपल्यालाच ऐकवणार नाही, ही भीती. छंद सोडलेल्या बहुतेक हुशार मुलांची हीच अडचण असते. त्यांना छंदही पहिल्या क्रमांकाने पास व्हायचा असतो. डोंबिवलीच्या त्याच्या गुरुजींना भेटून या, एवढेच मी सुचवले. गुरुजींनी वाजवायला न सांगता पढंत करायला सांगितली: हातावर तीनतालाच्या सोळा मात्रा धरायच्या आणि कायद्याचे, म्हणजे तबल्यातल्या एका ठरीव रचनेचे, बोल तोंडाने म्हणायचे. पढंतीला ना तबला लागतो, ना बंद खोली. बुधवारी घरी जाताना, बसायला जागा मिळाली तर, मुलुंडपर्यंत एक कायदा आणि त्याचे दोन पलटे होतात, असे त्याने मला सांगितले. समोरचे प्रवासी काय समजत असतील कोण जाणे. मुंबईच्या लोकलमध्ये याहून चमत्कारिक गोष्टी रोज चालतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर हे सगळे निवासी डॉक्टरांच्याच माथी मारल्यासारखे होईल. निवासी डॉक्टरांना एका वेळी 12 आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम सहसा देऊ नये, असे केंद्र सरकारचे 1992 चे निर्देश आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांत कामाचे तास ‘वाजवी’ असावेत, विश्रांतीला पुरेसा वेळ मिळावा, वर्षाला 20 दिवसांची किरकोळ रजा आणि कामाच्या निकडीनुसार साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे म्हटले आहे. आयोगाच्याच कृतिगटाने 2024 मध्ये आठवड्याला कमाल 74 तासांची शिफारस केली, म्हणजे 48 पासून आपण कुठे येऊन पोहोचलो ते पाहा. ज्या रोस्टरमध्ये माणूस 30 तास उभा राहतो तो रोस्टर समुपदेशनाने दुरुस्त होत नाही. त्यासाठी विभागप्रमुखांशी, अधिष्ठात्यांशी आणि ‘मार्ड’सारख्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेमार्फत बोलावे लागते. मात्र दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या हातात एक छोटा अधिकार असतो. ज्युनिअरची पाळी तोच लावतो. इमर्जन्सीच्या रात्री ज्युनिअरला आलटून पालटून दोन तास झोपायला पाठवायचे, हे निखिलने आपल्या युनिटमध्ये सुरू केले. ज्या दिवशी ज्युनिअर झोपून उठतो त्या दिवशी सकाळच्या राउंडला रक्ताचे रिपोर्ट जागेवर असतात, हे त्याच्या ध्यानात आल्यावर दया म्हणून सुरू झालेली गोष्ट सोय म्हणून टिकली, आणि त्याचे स्वतःचे ओरडणेही कमी झाले.

गणपतीत त्याची खरी कसोटी होती. घरी पाच दिवसांचा गणपती, वॉर्डात खाटा नाहीत आणि सगळ्यांनाच सुट्टी हवी. एरवी त्याने पाचही दिवस मिळत नाहीत म्हणून एकही मागितला नसता. या वेळी त्याने एका ख्रिश्चन सहकाऱ्याबरोबर आधीच अदलाबदल ठरवली, नाताळची इमर्जन्सी स्वतःकडे घेतली आणि गौरी येण्याच्या दिवशी संध्याकाळी घरी गेला. टोळके आरतीला आले. तबला चढवायला कोणाला वेळ नव्हता, म्हणून त्याने ढोलकी घेतली. दोन तासांनी तो शेवटच्या जलद गाडीने परत निघाला, आणि ‘राहिला असतास तर’ हे आईचे वाक्य त्याला ऐकावे लागलेच. ते त्याला लागलेही. काही माणसांना आपण कमी पडतो, ही जाणीव या तीन वर्षांत पूर्णपणे जात नाही, आणि ती घालवण्याचे आश्वासन मी कोणाला देत नाही.

निखिलसारखी परिस्थिती असलेल्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. पुरेशी झोप होऊनही दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन रमत नसेल, जेवण सुटले असेल, आपण नसलेलेच बरे असे वाटत असेल किंवा वॉर्डातली औषधे स्वतःवर वापरण्याचा विचार मनात येत असेल, तर वेळापत्रक सुधारत बसू नये. मानसोपचारतज्ज्ञाला त्याच दिवशी भेटावे. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. करिअरवर डाग पडेल या भीतीने आपल्याच रुग्णालयात जायचे नसेल तर बाहेरच्या डॉक्टरकडे जावे, पण जावे.

निखिल आता तिसऱ्या वर्षाला आहे. प्रबंध जमा करायचा आहे, पुढे परीक्षा आहे आणि त्यामुळे गुरुवारची संध्याकाळही काही महिने जाणार, हे त्याने ग्रुपवर आधीच, तारखांसह, कळवून टाकले आहे. रिपोर्ट अजूनही येतात. त्यांना तो आता लिहितो की ओपीडी सोमवारी आणि शुक्रवारी असते, काकूंना घेऊन ये, दहाच्या आत आलात तर बाहेर चहा घेऊ.