लॅब्राडोर मुलीला चावला, त्याला घरात ठेवणं सुरक्षित आहे का?

घणसोलीत वन बीएचके, 4 वर्षांचा लॅब्राडोर, 6 वर्षांची मुलगी. काल तो खाताना तिने भांड्याकडे हात नेला आणि तो चावला, दोन दात रुतले, असं तुम्ही लिहिलंय.

आधी मुलीचं बघा. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी आजच तिला डॉक्टरांकडे न्या. रक्त आलंय, त्यामुळे रेबीजच्या लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचंही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) विचारा. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवा.

आता कुत्रा. चावा किती खोल आहे, यावर बरंच ठरतं. पशुवैद्य आणि श्वानवर्तनतज्ज्ञ इयान डनबार यांच्या चाव्यांच्या सहा पातळ्यांच्या मोजपट्टीत एका चाव्यात 1 ते 4 छिद्रं आणि खोली सुळ्याच्या निम्म्याच्या आत, ही तिसरी पातळी. दात त्याहून खोल गेले असतील, किंवा हात धरून झटकल्याने भोवती काळंनिळं पडलं असेल, तर ती चौथी. तसं असेल तर लहान मूल असलेल्या वन बीएचकेत त्याला ठेवू नका, हे माझं स्पष्ट मत.

चावण्याआधी तो ताठरला होता का? भराभर गिळत होता, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, गुरगुरला? गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. म्हणून गुरगुरण्यावर कधीही ओरडू नका. स्वभाव अलीकडेच बदलला असेल तर पशुवैद्याकडून कान, दात, कंबरेचे सांधे तपासून घ्या. दुखणारा कुत्रा लवकर चिडतो.

ठेवायचं ठरलं तर त्याचं खाणं बेडरूममध्ये, आतून कडी लावून, मोठ्या माणसासमोर. तो भांड्यापासून दूर गेला की भांडं उचला, मगच दार उघडा. एरवी मुलगी आणि तो यांच्यात दार आणि बेबी गेट असे दोन अडथळे हवेत, कारण कुरिअरवाला आला, मावशी कामाला आल्या की एक दार हमखास उघडं राहतं. लिफ्टसाठी मझल (चावू नये म्हणून तोंडावर लावायचं आवरण) जाळीचंच घ्या. तोंड आवळणाऱ्या कापडी मझलमध्ये त्याला धापता येत नाही, आणि आपल्याकडच्या दमट उकाड्यात ते जिवावर बेतू शकतं. आधी काही दिवस मझलमध्ये खाऊ ठेवा, तो आपणहून तोंड घालू लागला की मगच पट्टा लावा.

तो फक्त खाण्यावरूनच चिडत असेल आणि घरातले सगळे हे रोज पाळणार असतील, तर तो राहू शकतो. कधी, कशावरून चावेल याचा अंदाजच येत नसेल, किंवा घरातलं एक जरी माणूस कंटाळा करणार असेल, तर मुलं नसलेलं घर शोधा. खाडीकाठी सोडून येणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. नव्या घरी लसीकरणाचं कार्ड द्या आणि या चाव्याची पूर्ण हकीकत लिहून द्या, जखमेच्या फोटोसकट.